दूध संस्थेच्या भोंग्यावरची चाचणी

आमच्या सामुदायिक रेडिओच्या प्रत्येक वाढदिवसाला मी सांगत आलो, की जिला पहिली निवेदिका करायचं ठरलं होतं त्या बाईनं घरच्या अडचणीमुळं काम सोडलं. ते खोटं आहे. तिला मी घालवलं.

राधानगरी भागात केंद्र काढायचं ठरलं तेव्हा मी कोल्हापुरातल्या कॉलेजातून निवृत्त झालो होतो आणि समितीचा अध्यक्ष होतो. लोकांना काय ऐकायचंय ते विचारायला वाड्यावस्त्यांवर फिरावं लागे. आम्ही पुरुष सरपंचाकडं चहा पिऊन परत यायचो. ही बाई म्हशीची धार काढून निघायची आणि चुलीपुढं बसून बायकांना बोलतं करायची. धरणाचे दरवाजे कधी उघडणार, घाटातली एसटी बंद आहे का, जनावरांचा डॉक्टर आज कुठल्या गावात, हे सगळे विषय तिनं आणलेले. तिला स्वतःला एकच हवं होतं, माईकपुढची खुर्ची. समितीनं तोंडी होकारही दिला होता.

मला ती खुर्ची माझ्या सुनेसाठी हवी होती.

आवाजाच्या चाचणीत मी तिला पावसाचा अंदाज पुन्हा पुन्हा वाचायला लावला. चांगलं वाचलं तरी 'परत' म्हणायचो. शेवटी ती रडकुंडीला आली. माईक चालूच होता.

"सर, आता सोडा की. सासूला डेअरीत जातो म्हणून सांगून आलोय. म्हातारीला कळलं तर घरात घ्यायची न्हाय."

परवाना यायचा होता. तोवर आम्ही ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम दूध संस्थेच्या भोंग्यावर लावायचो, कारण संध्याकाळी दूध घालायला सगळं गाव तिथं रांगेत असतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं विचारलं, शेवटचं तेवढं कापू ना?

"असू दे," मी म्हणालो. "तिथंच लोक हसतील."

लोक हसले. सासू किटली घेऊन रांगेतच होती. मागच्यानं तिला विचारलं, "आज्जे, सून डेअरीत दिसंना की तुझी. भोंग्यात जाऊन बसलीया व्हय?" म्हातारी दूध न घालताच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी लोकांनी मागितलं, म्हणून मी ते पुन्हा लावलं.

ती नंतर केंद्रावर आली नाही. चार दिवस शेजारणीच्या ओसरीवर झोपत होती, असं कळलं. मी चौकशीला गेलो नाही. माझी सून खुर्चीत बसली. आता ती मुद्दाम गावरान ढंगात बोलते आणि लोकांना ते फार आवडतं.

गेल्या महिन्यात मी त्या बाईच्या गोठ्यात गेलो. सासू वारली आहे. मी सगळं सांगितलं, तो तुकडा जाणूनबुजून ठेवला होता हेही. ती वैरण टाकत ऐकत होती. म्हणालो, एकदा केंद्रावर या, तुम्हाला हवं ते बोला.

"मी बोलाय लागलो की पोरं अजून भोंगा म्हणत्यात," ती म्हणाली. "माजीच पोरं. म्हणून मी घरातबी जास्त बोलत न्हाय."

मी हात जोडले. तिनं माझ्याकडं न बघता बादली उचलली.

"उठा आता, पावणं. म्हस बुजाय लागली."