लाडकुंवरबाईंचा बाजार

धुळ्याला लग्नकार्य निघालं की लाडकुंवरबाई जळगावचा बाजार सांगायला बसायच्या. सराफ बाजारात सकाळी पाणी शिंपडल्यावर मातीचा वास कसा सुटतो, दाणा बाजारातले हमाल कुणाला काय म्हणून चिडवतात, अत्तरवाला गिऱ्हाइकाच्या कानात फाया कसा ठेवून देतो. धुळ्याची धाकटी जाऊ प्रेमकुंवर त्यांना जिजी म्हणायची; ती हातातलं काम विसरून ऐकायची.

यातलं बाईंनी स्वतः पाहिलेलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं जळगावात नांदून पायाखालची वाट एकच, घर ते स्थानक, तीही मागच्या बोळातून, सासूबाईंच्या पाठोपाठ, हनुवटीपर्यंत घुंघट घेऊन. लुगडी दुकानातून घरी यायची, बांगड्या भरायला कासार ओट्यावर यायचा. बाजार यायचा तो नवऱ्याच्या, सोहनलालशेठजींच्या तोंडून. दिवस मावळायच्या आत ते जेवायला येत आणि दोन घास पोटात गेले की बोलू लागत. बाईंनी तो बाजार वाढता वाढता गोळा केला होता.

चौसष्ट साली प्रेमकुंवर चार दिवस जळगावला राहायला आली. सासूबाई गेल्या होत्या, अडवणारं कुणी नव्हतं.

"जिजी, चला ना. तो अत्तरवाला दाखवा."

"ऊन फार आहे गं."

"मग संध्याकाळी?"

"संध्याकाळी गर्दी."

"धुळ्याला येऊन माल दाखवता," प्रेमकुंवर हसली, "आणि दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता होय?"

बाईंनी चपला घातल्या.

पहिली गल्ली त्यांनी रेटून नेली. "हा दाणा बाजार," म्हणाल्या. समोर पितळी घागरी टांगलेल्या होत्या. "भांडीही ठेवतात हल्ली." पुढच्या गल्लीत दोरखंडं आणि बैलांचे साज निघाले, तिथे त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. वळत वळत दोघी पुन्हा त्याच घागरींपाशी आल्या, तेव्हा प्रेमकुंवरने हळूच विचारलं, "जिजी, घर कुठल्या अंगाला?"

बाईंना ते सांगता येईना. घुंघटाआड कानशिलं तापली.

कोपऱ्यावर एक असोद्याची माळीण केळी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चुकन्यात का अक्का? धनीनं नाव काय शे? दुकान सांगा, मी वाट दाखाडस."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीचा नवरा, दुसरीचा जेठ, म्हणजे थोरला दीर. दुकानही त्यांच्याच नावाचं, पुढे सासऱ्यांचं नाव जोडलेलं. दोघींच्या तोंडून दोन्ही नावं कधी निघाली नव्हती.

"कापडाचं दुकान आहे," बाई पुटपुटल्या.

"बठ्ठी गल्ली कापडनीच शे ना पुढली," माळीण हसली. "नाव घ्याले लाज वाटस का?"

दोघी त्या गल्लीत शिरल्या. प्रेमकुंवरला अक्षरओळख होती. ती पाट्या वाचत चालली आणि एका पाटीखाली थबकली. वाचलेलं बोलता येईना, म्हणून तिने जिजीचा पदर ओढून वर बोट दाखवलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "या बाई, या. बसा. काय दाखवू? पातळं दाखवू? नवा माल आहे."

आवाज ओळखीचा, पण त्यातलं आर्जव बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. घरी ते असे बोलत नसत. त्यांनी पातळाची घडी उलगडलीसुद्धा.

"घर दाखवा," बाई म्हणाल्या.

शेठजींचा हात घडीवरच राहिला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. ते खाली उतरले, चपला शोधायला त्यांना वेळ लागला, आणि मागे न बघता पुढे चालू लागले. दोन वळणं घेतली, घर आलं. त्या दिवशी ताटावर ते बाजाराचं काहीच बोलले नाहीत.

पुढच्या लग्नात धुळ्याला बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "लाडकुंवरबाई, तुमचा बाजार सांगा की."

बाईंची मान वर होईना.

"मी सांगते," प्रेमकुंवर पटकन म्हणाली. "जिजींनी सगळा फिरवून दाखवलाय मला. सराफ बाजारात सकाळी पाणी शिंपडतात ना..."

लाडकुंवरबाई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत राहिल्या.