हौदाचा हिरवा कोपरा

ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. मोहगावच्या रस्त्यावर एका बाईचा संत्र्याचा बगीचा होता. नवरा वारलेला. सामाईक विहिरीचं पाणी दिरानं अडवलेलं, म्हणून ती आणि तिच्या दोन मुली नाल्यावरून डोक्यावर पाणी वाहून झाडं जगवत. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना ती पदराला हात पुसत राहायची, हात कोरडे असले तरी.

तिच्या बैलांच्या हौदातलं शेवाळ मी वर्गासाठी न्यायचो. "काय पाहून राह्यले मास्तर यात?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी सूक्ष्मदर्शकच सायकलला बांधून नेला. डोक्यावर चक्रं फिरवणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव तिनं एक डोळा मिटून पाहिले.

"या जातीत नर नसतोच," मी सांगितलं. "माद्याच अंडी घालतात, त्यांतून पुन्हा माद्याच."

ती हसली. "म्हंजे आमच्यासारखंच घर आहे."

अमावास्येला बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी ती हौद उपसून घासायची. पुढच्या अमावास्येनंतर गेलो, तर सगळा हौद लख्ख, फक्त एक कोपरा हिरवा आणि त्यावर ओलं पोतं.

मला शिकवल्याशिवाय राहवत नाही. "अहो, वाळल्या तरी त्या माद्या मरत नाहीत. पाणी मिळालं की पुन्हा हिंडायला लागतात."

पोतं सारखं करत ती म्हणाली, "मरत नाही म्हून का वाळवाचं कोणाले?"