सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा धडाम

सदर बाजारातल्या स्टुडिओवाल्या भैयानं माझ्या सासूबाईंना खलनायिका बनवलं, आणि आम्ही वर त्याला मिठाईचा डबा देऊन आलो होतो!

आमच्या जबलपुरात लग्नाच्या फिल्ममध्ये खरा आवाज ठेवतच नाहीत. पंगत असो की नवरदेवाची गाडी, सगळ्यावर गाणं थापायचं. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं. त्रिशरण-पंचशील तेवढं भैयानं जसंच्या तसं सोडलं, नशीब आमचं. बाकी त्याला मोकळं रान.

लग्नानंतर महिन्याभरानं पेनड्राइव्ह आला. रविवारी दुपारी रांझीच्या आमच्या क्वार्टरमध्ये सगळे नातेवाईक टीव्हीसमोर जमले. पाठवणीवर त्यानं असं रडकं गाणं लावलं होतं की माझी मावशी पदरानं डोळे पुसायला लागली. आता बोला! त्या वेळी मी चक्क हसत होते, माझी एक चप्पल सापडत नव्हती म्हणून. पण त्या गाण्याखाली माझं हसणंसुद्धा दुःख दाबल्यासारखं दिसत होतं.

मग आलं सासरचं दार. मी पांढऱ्या साडीत, मान खाली, उंबरठ्याशी. समोर सासूबाई. त्यांनी भुवया आवळून झटकन वर पाहिलं आणि, धडाम! चेहरा जवळ आला. धडाम! आणखी जवळ. तिसऱ्या धडामला चेहरा काळापांढरा, मागे वीज कडाडली.

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. "अरे बाप रे, ही तर सिरियलमधली सासू!" नवऱ्याची आत्या ओरडली. "पोरी, सांभाळून राहा बरं!" सासूबाईही हसल्या. चहा टाकते म्हणून आत गेल्या, आणि चहा काही येईना. मी उठून पाहिलं तर त्या रिकामं पातेलं हातात धरून नुसत्या उभ्या होत्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात जपून बोलण्याची साथच आली. पंखा बंद कर म्हणायचं तरी त्या आधी म्हणायच्या, "रागावून नाही म्हणत हं." माझ्याकडे पाहायच्या त्या तोंडावर हसू चिकटवूनच. मला वैताग आला. अहो, बोला ना मोकळ्या! पण खरं सांगू? माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. त्या क्षणाचं मला काहीच आठवत नव्हतं, डोळ्यांवर लाईट आणि कानांत बँड, एवढंच. आता आठवायला गेले की डोक्यात आधी धडाम वाजायचा आणि मग त्यांचा चेहरा दिसायचा. वाटायचं, पहिल्याच दिवशी ही बाई माझ्यावर का खवळली असेल?

शेवटी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि सदर गाठलं. भैयाला चांगलं फैलावर घेतलं. तो शांत. "भाभीजी, बिना इफेक्ट के शादी में जान नहीं आती. शहनाई डाल दूँ?"

त्यानं त्याच चेहऱ्यावर सनई लावली. काय सांगू, सासूबाई एकदम मायेनं भरून आलेल्या दिसल्या! मग त्यानं एक विनोदी टुंग-टुंग लावलं, तर वाटलं, यांच्या साडीवर कुणीतरी रसगुल्ला सांडलाय. तोच चेहरा, त्याच आवळलेल्या भुवया. राग विसरून मी खो-खो हसत सुटले. नवरा तर म्हणाला, ढोल पण लावून पाहा.

"यातला खरा आवाज कुठाय?" मी विचारलं.

"वो म्यूट है, भाभीजी. उसमें तो बस शोर है."

"शोर सही. लावा."

त्यानं लावला. बँड, जनरेटर, कुणाचं तरी रडणारं पोर. आणि त्या सगळ्या गोंगाटावर सासूबाईंचा खणखणीत आवाज. "ए भैया! लाईट हटा पहले! सरळ पोरीच्या डोळ्यात मारून राहिला. पडेल ना ती!" मग आवाज एकदम खाली आला. "ये बाई, हळू ये. मी धरलं आहे तुला."

चित्रात हात दिसत नव्हता. तो खाली, चौकटीच्या बाहेर, माझ्या कोपराला धरून होता. आणि आवळलेल्या भुवया होत्या खुद्द भैयासाठी. तो कान खाजवत म्हणाला, "अच्छा... ये तो मुझे डाँट रही हैं."

घरी आलो तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. भैयाकडून खरा आवाज भरून आणलेला पेनड्राइव्ह मी थेट टीव्हीला लावला. त्यांनी ऐकलं. मेथीची काडी हातातच राहिली.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं.

"म्हणजे मी तुझ्यावर नव्हती खवळली?" त्यांनी मला विचारलं. मला!

"नाही हो, आई. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"कसं माहीत असेल? सगळ्यांना दिसलं, टीव्हीत दिसलं. मला वाटलं, पाहिलंच असेल मी तसं."

मला इतकं भरून आलं की मी मेथीसकट त्यांच्या गळ्यात पडले.