गंजलेला खिळा

जुन्या सागवानी दारांचा माझा धंदा. आज शांतवन मिस्त्रीने दारातला गंजका खिळा काढायच्या आधी उलट आतच ठोकला. मी खेकसलो. तो म्हणाला, "शेठ, आधी गंज सुटू द्या. नुसती ओढाओढ केली तर फळी फाटते."

धाकट्या भावाने लेकीच्या लग्नाला मला बोलावलं नाही. तो खिळा सहा वर्षं माझ्यात आहे. येशूशी मी रोज घासाघीस करतो: माझा तापट स्वभाव बदल, पण भावावरचा राग तेवढा राहू दे. येशू सुताराचा मुलगा, असल्या सौद्याला बधत नाही. प्रार्थनेत ठोका नेमका त्या रागावरच बसतो.

दारातला खिळा अलगद निघाला. भोक राहिलं, फळी शाबूत.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे; भावाशी वैर ठेवून ती भाकर घ्यायची नसते. त्याआधी भावाकडे जाईन, बोलावणं नसलं तरी.