गंगूची सावड

परभणीहून सुटलेली एसटी वसमतच्या स्टँडवर थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर तक्त्यांची गुंडाळी होती. तक्त्यावर नेतृत्वाचे सात गुण मी स्वतः रंगीत पेनांनी लिहिले होते. हिंगोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पुण्यातल्या एका युवा मंडळाची स्वयंसेविका म्हणून कुरुंद्यापुढच्या एका वस्तीवर मुलींचा गट बांधायला मी निघाले होते. शुक्रवारपासून वसमतला तीन दिवसांचं शिबिर होतं आणि प्रत्येक गटानं एक गटनायिका पाठवायची होती.

वस्तीत शिरताच शिजणाऱ्या हळदीचा वास नाकात बसला. शाळेत सभा ठेवली, तर एकही मुलगी फिरकली नाही. सगळ्या आपापल्या खळ्यावर हळद मोडत होत्या, म्हणजे गड्ड्यांपासून हळकुंडं वेगळी करत होत्या. मग मीच खळ्याखळ्यावर गेले. गटनायिका कोण, विचारलं, तर सगळ्यांनी एकमुखानं गंगूचं नाव घेतलं. धनगराची ही चौदा वर्षांची पोर, बोलायला अगदी कंजूष. मनात म्हटलं, हिच्यावर बरीच मेहनत घ्यावी लागणार.

गंगूची आई मेंढरांमागं रानात गेलेली. तिला शिबिराला पाठवा म्हणून वडील मारोतराव यांना मी अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बाई, दोन गाड्या हळद मोडायची पडली. ही गेल्यावर कोण मोडंल? न्हाई जमणार."

मी तणतणत परतले. संध्याकाळी गंगू चार मैत्रिणींच्या घरी जाऊन आली आणि सकाळी दोघी तिच्या खळ्यावर हजर, उरलेल्या दोघी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. तिनं सावड घातली होती (एकमेकांकडं राबायचं आणि तेवढंच राबून फेडायचं). मीही उत्साहानं बसले आणि पाटीभर जेठे, म्हणजे मूळचे जाड गड्डे शिजवायच्या ढिगात टाकले.

"ताई, ते बेणं हाय. पुढच्या साली काय लावायचं? उठा. तुमी पाणी आणा."

मी उठून घागर उचलली. बांधावर बसलेले मारोतराव लेकीकडं बघत राहिले. दोन दिवसांत ढीग संपला आणि त्यांनी मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी मी फाट्यावर उभी, गंगूचा पत्ता नाही. बापानं शब्द फिरवला असं वाटून माझं डोकं फिरलं. तावातावानं घरी गेले, तर गंगू ओढणी खोचून सावडीतल्या, शेजारच्या सखूच्या खळ्यावर निघालेली.

"काय झालं? आबा नाही म्हणाले?"

"न्हाई ताई. चौघींचं घेतलं म्यां. त्यांची हळद आता पडून राहिली. फेडल्याबिगर कशी येऊ?"

मारोतरावांनी तिच्या हातातली पाटी घेतली.

"जा तू. मी फेडतो."

"आबा, तिथं समद्या बायाच असत्यात. बाया हसतील."

"हसू दे. बराबर मोडतो का न्हाई, ते बघतील."

शिबिरात गंगू चार वाक्यं बोलली असेल. पण पन्नास मुलींच्या पंगतीत कोण उपाशी राहिलं, ते तिला आधी कळायचं.

सोमवारी आम्ही फाट्यावर उतरून वस्तीत आलो. गंगूच्या एका मैत्रिणीच्या खळ्यावर बायकांच्या घोळक्यात मारोतराव बसले होते, पटका बाजूला, हात कोपरापर्यंत पिवळे. बायका त्यांची यथेच्छ थट्टा करत होत्या.

"तीन घरं झाली," लेकीला बघून ते म्हणाले. "ह्ये चौथं."

गंगूनं पिशवी ठेवली आणि बापाशेजारी बसली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

पुण्याला परतले तेव्हा तक्त्यांची गुंडाळी तशीच बांधलेली होती. मंडळात सगळ्यांनी विचारलं, गटनायिका घडवायला काय काय केलंत?

"दोन दिवस पाणी आणलं," मी म्हटलं.