गवती चहाचा ग्लास

गॅलरीतल्या कुंडीतून गवती चहा कापला, बोटांना वास लागला आणि तीच जुनी धाकधूक सुरू झाली.

अंबरनाथची आमची बिल्डिंग, थर्टी फर्स्टची संध्याकाळ. बाबांनी दारू सोडल्यानंतरची पहिलीच. दरवर्षी गच्चीवर बाटल्या निघायच्या. त्या वर्षी आईने मोठ्या पातेल्यात गवती चहा, आलं, दालचिनी उकळून गार केलं आणि त्यात कोकम नि संत्र्याचा रस ओतला. शेजारच्या सिंधी आंटींनी वर डाळिंबाचे दाणे टाकून सगळ्यांना बजावलं, "आज सबके लिए यही. जिसको दूसरा चाहिए, वो अपने घर में बैठे."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळ्यांच्या ग्लासात तोच लाल रंग. कुणी हळूच काही मिसळलं तर कळणार कसं? गाणी लागली, पोरं नाचायला लागली, मी मात्र बाबांच्या ग्लासाभोवती घुटमळत राहिले.

बाबांनी ते ओळखलं. ग्लास माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "घे गं, वास घे." गवती चहाच होता. मगच ते प्यायले. पुढचा प्रत्येक ग्लास त्यांनी तसाच आधी माझ्यापुढे धरला, सगळ्या बिल्डिंगसमोर. मला हायसं वाटलं.

आज लेकीच्या पार्टीसाठी तेच पातेलं भरलंय. चव बघायला ग्लास उचलला, तर तो आधी नाकाशीच गेला. आणि बाबांचा हात आठवला. माझ्यापुढे ग्लास धरताना तो थरथरत होता. तेव्हा मला वाटलं होतं, थंडीमुळे असेल.

अंबरनाथला एवढी थंडी कधीच पडत नाही.