आंबट चहाचे मामा

जगात जे जे म्हणून आंबतं ते माणसाच्या भल्यासाठीच आंबतं, अशी ज्यांची देवाइतकीच पक्की श्रद्धा होती असे गृहस्थ माझ्या पाहण्यात एकच आले, आणि ते नेमके आमच्या सौभाग्यवतींचे मामा निघाले. न्हावऱ्याला त्यांची दूध डेअरी होती. दूध पुढे पाठवायचं आणि उरेल त्याला विरजण लावायचं, यात हयात गेलेली. ताप आला तर ताक, पाय मुरगळला तर ताकाची घडी, आणि मन उदास झालं तर आंबील, असा त्यांचा दवाखाना होता. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ‘‘जावईबापू, तब्येत जरा ओढल्यावानी दिसती तुमची,’’ म्हणून त्यांनी मला परसातल्या मडक्यातलं असं काही पाजलं, की दौंडला परत येईपर्यंत मी एसटीत कोणाशी बोललो नाही.

आंबलेल्या वस्तूंपैकी एकच त्यांना वर्ज्य होती, ती म्हणजे दारू. मामा माळकरी. शिवाय गावातलं देशीचं दुकान बंद पाडणारे तेच. दुकान ठेवायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं; उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे राहू दे, आडव्या बाटलीवर म्हणजे बंद. मामा घरोघर हिंडून हात जोडत होते, आणि सवय लागावी म्हणून स्वतःच्या घरातली एकही बाटली त्यांनी उभी राहू दिली नाही. गोडेतेलाचीही नाही. ओट्यावरून ओघळलेलं तेल पुसता पुसता मामींनी विरोधात मत द्यायची धमकी दिली होती. आडवी बाटली जिंकली, दुकान बंद झालं, आणि पिणारे संध्याकाळी शेजारच्या गावाला जाऊन पिऊ लागले. मामांना हे फार लागलं. पिणाऱ्याच्या हातातली बाटली काढून घेतली तर त्या हातात दुसरं काही तरी द्यायला हवं होतं, हे त्यांच्या मनाने घेतलं.

ते दुसरं काही तरी एका जर्मन साहेबाने आणलं. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला हा साहेब मामांच्या माडीवर भाड्याने राहत होता. सकाळी तो गार, फसफसणारी एक बाटली पीत बसे. गोड चहात जाड सायीसारखा एक जिवंत थर सोडून तो चहा आंबवतात, असं त्याने सांगितलं. मी दौंडला शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे दुभाषा मीच होतो. मामांनी घोटभर पिऊन पाहिलं, मोठी ढेकर दिली आणि डोळे मिटून म्हणाले, ‘‘जावईबापू, ह्यो चहा न्हाई, ह्ये अमृत हाय. आन् बाटलीत हाय.’’ शिरूरपासून दौंडपर्यंत प्रत्येक एसटी स्टँडवर ही बाटली दिसली पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आधी त्यांनी घरीच करून पाहिला. जिवंत थर नव्हता, पण आंबवायचं म्हटल्यावर मामांना एकच वस्तू ठाऊक. त्यांनी घागरभर चहाला दह्याचं विरजण लावलं. सकाळी जे झालं होतं ते म्हशीपुढे ठेवलं, तेव्हा म्हशीने त्याचा वास घेऊन मामांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मग माल थेट जर्मनीहून मागवायचा ठरला. साहेब परत जाताना आपल्या बाटल्यांचं उरलेलं खोकं मामांना देऊन गेला. ते त्यांनी चुलीशेजारच्या फडताळात ठेवलं. रोज एक घोट स्वतः घेत, एक मामींना देत, आणि गुरुवारच्या भजनानंतर मंडळींच्या तळहातावर तीर्थासारखा घालत. त्या उन्हाळ्यात भजन फार रंगायचं. पखवाजवाले आबा तर म्हणायचे की, या चहाने माझा गळाच मोकळा केला.

परवान्यासाठी आम्ही पुण्याच्या ज्या ज्या कचेऱ्यांत गेलो, त्या आठवल्या की अजून माझ्या टाचा दुखतात. अन्नवाल्या खात्याचे साहेब म्हणाले, ‘‘चहा असेल तर आंबला कसा? आंबला असेल तर चहा कसा?’’ त्यांनी आम्हाला दारूवाल्या खात्याकडे पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, ‘‘नावात चहा आहे, हे आमच्याकडे कशाला आणलंत?’’ मामांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर उघडली, तर अर्धी साहेबांच्या कागदांवर गेली. ‘‘घाबरू नका, जिता माल हाय,’’ मामा धोतराच्या सोग्याने कागद पुसत म्हणाले. ‘‘उडी मारतोय.’’ शेवटी ठरलं ते असं, की माल येऊ द्या. बंदरात तपासणी होईल आणि कोणत्या खात्याचा ते तेव्हा बघू. मामांना हा विजयच वाटला. त्यांनी दोन म्हशी विकल्या.

माल पाठवणाऱ्यांनी विचारलं होतं, जहाजावरच्या थंड डब्यातून पाठवायचा का? मी हो म्हणणार होतो. मामा हसले. ‘‘बर्फ दुधाला लागतो, जावईबापू. ताकाला कवा कुणी बर्फात घातलंय? जे आधीच आंबलंय ते आनिक काय नासणार?’’ चाळीस वर्षं दूध सांभाळलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? माल साध्या डब्यातून आला आणि ऐन वैशाखात बंदरावरच्या पत्र्याच्या गोदामात पडला. नमुना कोणी तपासायचा याचा दोन्ही खात्यांत खल चालू राहिला. तोवर बाटल्यांतला जिवंत माल आपलं काम करत राहिला, बिचाऱ्याला दुसरं काही येत नव्हतं. नमुना तपासला गेला तेव्हा त्यातला मद्यार्क कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला होता. बंदरावरून माल सोडवणाऱ्या दलालाचा फोन डेअरीत आला तेव्हा मी तिथेच होतो. सगळा माल दारू ठरला होता आणि तो नष्ट करणार होते.

मामांनी फोन ठेवला. म्हशींचं नाव काढलं नाही. मला वाटलं, आता ते खात्यांना शिव्या देतील. देते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘बंदरावरच्या पत्र्याखाली दारू झाली, तर माझ्या चुलीशेजारी झाली नसंल का?’’ मग म्हणाले, ‘‘भजनाला पाजली मी. देवाफुडं.’’ घरात गेले, गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि हात धुऊन दूध मोजायला बसले.

आम्ही सगळ्यांनी समजावलं. मी सांगितलं, की पिकलेल्या केळ्यातसुद्धा तेवढा मद्यार्क असतो. मामांना माळ घालणाऱ्या महाराजांनी सांगितलं, की नकळत घडलेल्याला दोष नसतो. गावात हसणारे हसले. आडव्या बाटलीवाल्याने स्वतःच उभी केली म्हणाले. पण एका संध्याकाळी ज्याचं देशीचं दुकान मामांनी बंद पाडलं होतं, तो स्वतः ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ चपलेशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा, घाला माळ. पिणारा मला वळखू येतो. तुम्ही प्याला न्हाई.’’

‘‘तुझं दुकान कायदा दाखवून बंद केलं मी,’’ मामा म्हणाले. ‘‘त्योच कायदा मला म्हणतो, ही दारू हाय. आता माझ्यापुरता कायदा येगळा धरू व्हय?’’

तो माणूस उठला. जाताना त्याने मामांच्या पायाला हात लावला. माझा मात्र राग राग झाला, मामांचाच. इतकं खरं वागायची काय गरज होती? दुसऱ्या कोणी हसण्यावारी नेलं असतं. मामांना ते जमलं नाही आणि त्यात माणूस आतून मोडला. त्यानंतर ते भजनाला गेले, तरी देवळाच्या पायरीवर बसायचे, आत नाही. आंबवण्याचं तर बंदच झालं. ताकसुद्धा गोडं प्यायचे.

पुढची सात-आठ वर्षं ते होते. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की त्यांचा डावा हात आपोआप गळ्याशी जायचा, तिथे थोडा चाचपडायचा आणि खाली यायचा. मामी रोज देव धुताना ती माळही धुवायच्या, कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि परत देव्हाऱ्यात ठेवायच्या. ‘‘मागतील एखांद्या दिवशी,’’ म्हणायच्या. मामांनी ती कधी मागितली नाही.